कपात

उद्यमबागेतल्या फौंड्रीत मी पगारपत्रक करते.
चौदा हजार दोनशे साठ, त्याचा पाऊण टक्का:
एकशे सहा रुपये पंच्याण्णव पैसे.
वर पैसे उरले की पुढचा रुपया धरायचा.
एकशे सात.
मालकाचे चारशे चौसष्ट वेगळे. ते कुणाला आठवत नाहीत,
आठवतात ते आपले गेलेले.

दर सात तारखेला खिडकीत पहिला चेहरा
भरमा मुचंडीकरचा, भुवयांत काळी वाळू.
"अक्का, मला काय झालंय म्हणून कापूलालायसा?
अकरा वर्षं झाली, एक ताप नाही अंगात.
जातात कुठं ते तरी सांगा की."

सांगायचं कसं?
त्या महिन्यात ते गेले असतील
फेटलिंगच्या दस्तगीरच्या बायकोच्या बाळंतपणात,
नाहीतर घटप्रभेकडच्या कुणा अनोळखी माणसाच्या
मोडलेल्या मनगटावरच्या प्लास्टरमध्ये.
"सगळ्यांचं एका हंड्यात," मी म्हटलं,
"ज्याला तहान, त्यानं तांब्या बुडवायचा."
"आणि तहानच नसली तर?"
"तरी ओतायचं. नको म्हणायची सोय नाही ह्यात."
"त्यापेक्षा जत्रेची पट्टी बरी," तो म्हणाला,
"प्रसाद तरी मिळतोय."

कार्डाच्या वेळी आधारवर तो भरमण्णा,
हजेरीत भरमा, शाळेच्या दाखल्यावर ब्रह्मानंद.
तीन माणसं एका अंगात, आणि एकही आजारी नाही!
अशोकनगरच्या बाईनं कन्नड फॉर्म पुढं सरकवला,
"इल्ली सही माडि."
त्यानं जाड मराठीत सही केली.
तिनं वाचलीही नाही, शिक्का मारला.

मग कलावतीचे पाय सुजायला लागले.

आता मंगळवार आणि शुक्रवार,
देसूरहून पहिली बस,
चार तास यंत्राला जोडलेला हात.
काउंटरवरची पोरगी कार्डाचा नंबर टाइप करते तेव्हा
भरमा तिच्या बोटांकडं बघतो
जसा भट्टीतल्या लोखंडाच्या रंगाकडं बघतो,
ओतायची वेळ झाली की नाही.
पोरगी मान हलवते. बिल निघत नाही.
खिडकीशी तो आता काहीच विचारत नाही,
स्लिप घेतो, चार घड्या घालतो,
खिशाचं बटण लावतो.

ह्या एप्रिलात साहेबांनी त्याचं नाव स्वतः काढलं.
एकोणीस वर्षांचा जुना माणूस, साडेतीनशेची वाढ द्या.
वीस हजार आठशेत साडेतीनशे मिळवले,
आणि माझं पेन थांबलं.
एकवीस हजारांच्या वर कार्ड चालत नाही.
लगेच बंद होत नाही; मार्चपर्यंत कपात चालू,
तिच्यावर पुढचे काही महिने निघतात.
त्यानंतर भरमा मुचंडीकर
मोठ्या पगाराचा माणूस.

इकडच्या माणसांना रेषा काही नवीन नाहीत.
एका रात्रीत कुणी ओढलेली, आपण झोपेत असताना.
पण ही दीडशे रुपयांनी ओलांडली जाणारी.

तो आला. बसला नाही.
"अक्का, वाढ नको म्हणून लिहा."
"अरे, लोक मागतात."
"मागू देत. माझे कापा. हवे तर दुप्पट कापा."
साहेब हसले आधी. मग हसायचे थांबले.
दुपारभर आम्ही आकडे हलवत बसलो,
शेवटी पगार वीस हजार नऊशे नव्वद,
बाकीचं ओव्हरटाइमात, खरोखर दोन तास जास्त थांबला तर.
थांबेन म्हणाला. सोमवारी, बुधवारी.

कपात एकशे अठ्ठावन्न.
त्यानं तो आकडा दोनदा वाचला, ओठ हलवून.

माझा पगार रेषेपलीकडं जाऊन तीन वर्षं झाली.
कपाटात एका कंपनीची पॉलिसी आहे, चाळीस पानांची,
बारीक अक्षरांची. चष्मा बदलला की वाचीन म्हणते.
परवा जिन्यावर दम लागला.
कुणाला सांगितलं नाही अजून.